आवक नंबर पडल्याशिवाय

कागदावर उतरून शिक्का बसेपर्यंत जगात काहीही घडत नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. टँकर पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या जालना रोडवरच्या ऑफिसात ते आवक-जावकचं टेबल सांभाळत. सगळे त्यांना काका म्हणत. फुलंब्रीजवळच्या गावाहून रोज एसटीनं येत, आल्याआल्या शिक्क्यावरची तारीख फिरवत आणि मगच त्यांच्या लेखी दिवस उजाडे. चहा हातात आला की "मिळाला" म्हणत. स्वतः काही दिलं आणि समोरचा तसं म्हणाला नाही, तर पोहोच मागत. मुलीच्या लग्नपत्रिका वाटतानासुद्धा त्यांनी वहीत सह्या घेतल्या होत्या. माझी सदतिसावी.

मी कॉम्प्युटरच्या जोडण्या करून देतो. ती सलग दुष्काळाची वर्षं होती. शेतात काही उगवत नव्हतं, पडेगावकडं इमारती मात्र उगवत होत्या आणि त्यांतून वायरी ओढून मी पार थकलो होतो. अशात या ऑफिसच्या साहेबांचं काम आलं. गावांची टँकरची मागणी ज्या ईमेलवर येते, तो पाचही टेबलांवर दिसला पाहिजे. अर्ध्या दिवसात जोडून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले, की मेल येतात आणि नाहीसे होतात. चार खेपा घातल्या, वायरी बदलल्या, राउटर बदलला. पाचव्या खेपेला सहज काकांच्या मागं उभा राहिलो. काकांनी मेल छापला, शिक्का मारला, नंबर टाकला, कागद साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला आणि शांतपणे मेल पुसून टाकला. मी कपाळाला हात लावला, तर मलाच समजावून सांगू लागले, "एकदा आवक झालेलं पत्र पुन्हा दारात कशाला ठेवायचं? दुसऱ्यानं उचललं तं एकाच पत्राला दोन नंबर पडतेल." पाचही टेबलांची पेटी एकच आहे, इथं पुसलं की सगळीकडचं जातं, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, त्या कागदालाही आवक नंबर दिला आणि पुसत राहिले.

मग एप्रिलात काकांच्याच गावाचा मेल आला. विहीर आटली होती, टँकर तातडीनं हवा होता. साहेब दोन दिवस वाळूजला अडकलेले. काकांनी तो कागद नंबराप्रमाणे अकरा कागदांच्या खाली ठेवला आणि मेल पुसला. बाकीच्या टेबलांवरून टँकर सोडणाऱ्यांना काही दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला म्हणून मी गेलो, पुसलेले मेल परत काढले, तेव्हा कुठं टँकर निघाला. तोवर काकांच्या घरची माणसं लांबच्या मळ्यातून घागरी आणत होती आणि काकांना ते ठाऊक होतं. निदान स्वतःच्या गावासाठी तोंडानं सांगायचं, असं साहेब म्हणाले, तेव्हा काका एवढंच बोलले, "माझं गाव म्हणून वर ठेवू काय?" आठवड्यानं साहेबांनी मला पासवर्ड बदलायला सांगितलं, काकांना न कळवता. मला फार वाईट वाटलं.

कुठून कळलं कोण जाणे, पण मी गेलो तेव्हा काकांच्या टेबलावर बंद लिफाफा तयार होता, जावक नंबर टाकलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला, वही पुढं केली.

"जुना पासवर्ड हाय. तुमचा काई दोष नाय. पोहोच द्या."

मी सही केली.

पासवर्ड मीच दिलेला, म्हणून लिफाफा उघडला नाही. नंतर काका निवृत्त होऊन गावी गेले आणि बरेच दिवस मला त्यांची आठवणही झाली नाही. गेल्या आठवड्यात खण आवरताना तो लिफाफा सापडला. आत पासवर्डाखाली त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, "आपण पुसलेल्यातून शोधून काढलेला टँकर गावाला मिळाला. घरी दोन घागरी आल्या. ही त्याची पोहोच."

फुलंब्री काही लांब नाही. उद्या जाऊन त्यांना नुसतं "मिळालं" म्हणून यायचं आहे, आणि हा उद्या गेले आठ दिवस चालू आहे.