हॉप्सचे वेल निघाले जर्सीला

“हुंग आधी, मग बोल,” असं म्हणत दादा एखादं हिरवं बोंड तळहातांवर चोळायचे आणि थेट समोरच्याच्या नाकाशी आणायचे. बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सची ही बोंडं. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या ऑफिसात या नागपूरकर सीनियरना सगळे दादा म्हणायचे. गराजमध्ये ते स्वतः बीअर करत. ती इतकी कडू, की पहिला घोट घेऊन आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि म्हणायचो, “मस्त, दादा!” असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याला आपण नाही म्हणूच शकत नाही. वहिनी मात्र त्या वासानं घरभर खिडक्या उघडत फिरायच्या.

२००२ साली दादांची नोकरी गेली. व्हिसाची टांगती तलवार होतीच. जर्सीतल्या पार्सिपनीत मिळाली ती नोकरी त्यांनी घेतली. वहिनी आणि मुलगी थंडी पडायच्या आत पुढे गेल्या. जानेवारीत सामान हलवायला मी पोचलो, तर दादा मागच्या अंगणात हॉप्सची मुळं खणून काढत होते. वेल वरून पार वाळलेले.

“मेलेत की हे, दादा.”

“नाही न बापा, झोपलेत. जाग यायच्या आत न्यायला पाहिजे.”

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळं भाड्याच्या ट्रकमध्ये आमच्या दोघांच्या मधे बसली. व्हर्जिनियात बोटं बधिर झाली, तेव्हा मी हीटरकडे हात नेला.

“नको न बापा! त्यांना वाटेल, उन्हाळा आला.”

कानटोप्या घालून आम्ही कुडकुडत निघालो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “नोकरी गेली ना, तेव्हा वाटलं, यार, इतकी वर्षं राहून इथं आपलं काही रुजलंच नाही.”

पार्सिपनीत जमीन दगडासारखी गोठलेली. पहिल्याच घावाला कुदळ टणकन उडाली. दादा पायरीवर बसले.

“बाबा, इट्स जस्ट अ प्लांट,” मुलगी हळूच म्हणाली.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. “अहो, तिथं काय खणताय? इकडे या.”

घराच्या भिंतीलगत वाळक्या पानांचा ढीग होता. वहिनींनी तो हातानं सारला. खाली जुनी गोधडी. ती उचलली, तर खाली मऊ, काळी माती.

“आल्या आल्याच झाकून ठेवली, गोठू नये म्हणून. एक वेळ कपाट विसरून याल, हे वेल नाही विसरणार.”

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. मी कुदळ घेतली आणि खाली मान घालून खणायला लागलो.

वेल रुजले, दोन वर्षांत वरच्या खिडकीला भिडले. २००८मध्ये वडील एकटे पडले म्हणून दादा नागपूरला परत गेले. तिथल्या उन्हात हॉप्स कसले जगतात! वेल इथेच राहिले.

त्याच ऑगस्टमध्ये कामानिमित्त जर्सीला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या घरावरून गेलो. आता तिथे एक तेलुगू कुटुंब राहत होतं. त्यांच्या आजी स्टीलच्या वाडग्यात बोंडं खुडत होत्या. ही कशाला, असं मी खुणेनं विचारल्यावर त्यांनी हात जोडून दाखवले आणि मला आत नेलं. व्यंकटेशाच्या तसबिरीला हॉप्सचा हिरवागार हार! मी नमस्कार केला.

बाहेर येऊन नागपूरला फोन लावला आणि दादांना सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि फोन वहिनींनी घेतला.

“काय सांगितलंत हो यांना? हसताहेत की रडताहेत, काही कळेना.”