शांततेत मला काहीच ऐकू आलं नव्हतं

नोव्हेंबर १९९८, शेवटचा रविवार. दौंड, उपासना संपल्यावर चर्चच्या ओट्यावर. हजर : पाळकीणबाई, रूथवहिनी, सुशीला, मार्थामावशी आणि मी.

ही हजेरी मी कुठंही लिहून ठेवलेली नाही, तरी पाठ आहे. त्या दिवशी मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. देवालासुद्धा आडून आडूनच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे धाडस म्हणायचं का? मला नाही वाटत.

मी शाळेत क्लार्क. व्यवस्थितपणा अंगात, म्हणून भगिनी मंडळाची विनंत्यांची वही माझ्याकडे आली. दर बुधवारी दुपारी चारला रूथवहिनींच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही जमायचो. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं स्थळ. मी एकेक विनंती वाचायची, आणि सगळ्यांनी प्रार्थना करायची. पाऊण तासात आटपायचं. मला ते आवडायचं.

त्या वर्षी पाळकीणबाई म्हणाल्या की आपली प्रार्थना नुसती मागण्यांची झाली आहे, जरा खोल जाऊ या. मग असं ठरलं, की आधी वीस मिनिटं वही मिटून गप्प बसायचं आणि नंतर जिला जे मिळालं ते तिनं सांगायचं. रूथवहिनींना बायबलमधलं एखादं वचन मिळे. सुशीला रडे, आणि मग तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसे. मला? मला रेशनचं रॉकेल आणायचं आठवे. सहा-सात महिने मी बसले. माझी पाळी आली की म्हणे, "शांती मिळाली." तेही खरं नव्हतं. पण ते खोटं लहान होतं, आणि मी इथं त्याच्याआड लपते आहे.

मार्थामावशींबद्दल सांगायचं आहे.

त्यांचे यजमान रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर मावशी लाइनीपलीकडच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. मुलगी शिरूरला दिलेली. मुलगा प्रकाश बापाशी भांडून घर सोडून गेला, तो बापाच्या मातीलाही आला नाही. सुरतेला आहे म्हणत. पत्र नाही, निरोप नाही. चार वर्षं वहीत त्यांची एकच विनंती होती – प्रकाश घरी यावा.

वर्षअखेरीच्या उपकारस्तुतीला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या उपासनेला, मी दोन याद्या करायची. एक चालू विनंत्यांची, दुसरी उत्तर मिळालेल्यांची. दुसरी मंडळीसमोर वाचली जाई. त्या शनिवारी घरी पाहुणे होते. कुकर लावता लावता मी याद्या उतरवल्या आणि मावशींची ओळ चुकून दुसऱ्या कागदावर गेली. रविवारी मीच ती वाचली, ठणठणीत आवाजात. वाचून होईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

इथवर चूकच होती. चूक कुणाचीही होते.

उपासना संपली तशा मावशी ओट्यावर आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. "ताई, पत्र आलं व्हय? कुनाकडं आलं?" बाकीच्या तिघी जवळ उभ्या होत्या. 'मावशी, लिहिताना चुकलं' – तीन शब्द. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "पत्र नाही आलं. पण शांततेत बसले होते तेव्हा मला मिळालं, की तो येणार आहे. म्हणून आधीच आभार मानले."

मावशी रडल्या नाहीत. हात तसाच धरून म्हणाल्या, "मला न्हाई सांगितलं देवानं. तुमाला सांगितलं. आसू द्या, कुनाला तरी सांगितलं."

पुढच्या बुधवारी पाळकीणबाईंनी मला शांततेची वेळ चालवायला सांगितली. सुशीला म्हणाली, ताई बोलत नाहीत, पण त्यांची प्रार्थना किती खोल गेली. मी ऐकून घेतलं. बरं वाटलं. हो, बरं वाटलं मला.

आणि तरीही मुख्य गोष्ट राहिलीच आहे – पाहता ना, किती फेऱ्या मारते आहे.

जानेवारीत मावशींची मुलगी त्यांना न्यायला आली. शिरूरच्या घरात त्यांच्यासाठी खाट टाकून ठेवलेली. मावशी हलेनात. पोरगं येईल आन् कुलूप बघून माघारी जाईल, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगी माझ्या शाळेत आली, ऑफिसातल्या स्टुलावर बसली. म्हणाली, "तुमचंच ऐकंल ती. एकटीला दिसत न्हाई नीट, मोतीबिंदू हाय. तुमी फकस्त सांगा, ताई."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. लाज वाटावी असं कुणीच नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं ना? मी म्हणाले, "त्यांचा विश्वास आहे. आपण तो मोडू नये."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं आणि दोनची शिरूर गाडी गाठायला गेली.

मावशी त्या खोलीत आणखी सहा वर्षं एकट्या राहिल्या. डोळ्यांचं ऑपरेशन लांबत गेलं, कारण त्यासाठी मुलीकडे जाऊन राहावं लागलं असतं. शेवटी नळावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा उचलूनच शिरूरला नेलं. एक डोळा तोवर गेला होता. प्रकाश आला नाही.

आता मी बुधवारची वीस मिनिटं खरोखर गप्प बसते. तिथं पहिल्यांदा मावशी येतात, आणि त्यांच्या पुढे मला जाता येत नाही. हे खोल जाणं आहे का, मला माहीत नाही.

त्यांच्या जुन्या खोलीत भाडेकरू बदलला, की मावशी मुलीकडून मला फोन करवतात – नव्या माणसांकडं शिरूरचा पत्ता देऊन ठेवा, प्रकाशसाठी. आजवर तीनदा भाडेकरू बदलले. तिन्ही वेळा मी त्याच दिवशी जाऊन पत्ता दिला, मोठ्या अक्षरात लिहून, आणि फोनवर तसं कळवलं. मावशी म्हणाल्या, "तुमी हायेत म्हनून."

दौंडहून शिरूरला एसटीनं दोन-अडीच तास लागतात. मी अजून गेलेले नाही.