कागदाला भिणारी गंगूबाई

महाळुंग्यात गंगूबाईला भिणारी माणसं पुष्कळ होती. तिच्या बांधावरून कुणी शेळी हाकली, तर तिच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की शेळीवाला शेळी तिथंच टाकून पळायचा. गोठ्यात निघालेला नाग तिनं काठीवर उचलून ओढ्याकाठी नेऊन सोडला होता. पण हीच बाई नकाशा म्हटलं की घामेघूम व्हायची. शेजारच्या रानात मोजणीवाला साखळी घेऊन उतरला, तरी हिनं आपल्या घराची कडी आतून लावून घेतलीच म्हणून समजा. पोरंटोरं हसायची. हसू देत बापडी. त्यांनी गंगूबाईच्या आईचं ऐकलं नव्हतं.

आईचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं होतं. आई तेव्हा परकरी पोर. ती सांगायची, "आदी कागद आला. मग खुट्या आल्या. मग पाणी आलं." उन्हाळ्यात धरण उतरलं, की गावाच्या भिंतींची टकुरी वर यायची. मग आई आणि थोरली मावशी शिदोरी बांधून काठावर जायच्या आणि तिथं उभ्या राहून कडाकडा भांडायच्या. चिंच देवळाच्या डाव्या अंगाला होती की उजव्या? आई म्हणायची डाव्या, मावशी म्हणायची उजव्या. रडून डोळे सुजायचे, तरी एकीनं दुसरीचं कधी ऐकलं नाही. दोघी तशाच मेल्या. चिंच कुठं होती ते देवाला ठाऊक.

लहानग्या गंगूनं त्यातून एवढंच उचललं, की कागद आला की पाणी येतं. ते तिच्या हाडात बसलं ते बसलंच.

नवरा गेला, लेक शेखर कर्ता झाला. त्यानं घरापुढं भाड्याच्या खोल्या बांधल्या, पक्क्या स्लॅबच्या. दोन हजार चारच्या सुमाराला त्यातल्या एका खोलीत मेधा आली. अकोल्याकडची, बिनलग्नाची, एकटी. शहरातल्या सार्वजनिक बागांचे जुने आराखडे जपणारी कसलीशी छोटी संस्था होती, तिथं नोकरीला. गंगूबाईचा तिच्यावर जीव होता, कारण पोर ताटातलं टाकत नव्हती आणि शिव्या दिल्या तर हसायची. एका पावसाळ्यात संस्थेच्या खोलीत पाणी शिरलं, तशी मेधानं पत्र्याची लांबलांब नळकांडी रिक्षातून आणून आपल्या खोलीत रचली.

"हे काय गं? नळ टाकतीस का काय?"

"जुने कागद आहेत आजी, बागांचे. तिकडं भिजले असते."

कागद हा शब्द गंगूबाईला आवडला नाही. पण बागेचे म्हणजे फुलंबिलं असतील, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

त्या वर्षी गावात एकच हवा होती. गाव शहरात जाणार आणि जमिनींवर आरक्षण पडणार. कुणाच्या रानात रस्ता, कुणाच्या रानात शाळा, कुणाच्या रानात बाग. घरात पटकी शिरावी तसा आरक्षण हा शब्द लोक दबक्या आवाजात बोलत. शेखरचं एका बिल्डरशी बोलणं चाललं होतं. आरक्षण पडलं असतं तर बिल्डरनं पाठ फिरवली असती, म्हणून त्याचा जीव टांगणीला लागलेला.

अशात एका रविवारी मेधानं वरवंटा मागून नेला. आता एकट्या बाईला एवढं काय वाटायचं असतं, म्हणत गंगूबाई तो आणायला गेली. बघते तर काय, फरशीवर हा एवढा नकाशा पसरलेला आणि त्याच्या एका कोपऱ्यावर तिचा वरवंटा! वरवंट्याची हळदसुद्धा कागदाला लागलेली. मेधा ओणवी होऊन मऊ कुंचल्यानं धूळ झाडत होती. नकाशाच्या मधोमध निळा रंग होता.

गंगूबाईनं त्यावर बोट रोखलं. "हे निळं काय हाय?"

"तळं, आजी."

"आन् आदी तितं काय व्हतं?"

"मळे होते, विहिरी होत्या." मेधानं मान वर केली नाही. "मग जमीन घेतली आणि बाग केली."

ती बोलत होती शहरातल्या बागेबद्दल, तेही फार जुनं. कुठली बाग हे गंगूबाईनं विचारलं नाही, आणि सांगायला हवं हे मेधाच्या डोक्यात आलं नाही. गंगूबाई वरवंटा न घेताच घरी आली. जेवण गेलं नाही. डोळे मिटले की तिला आपल्या रानात निळं पाणी दिसायचं आणि पाण्यावर विहिरीची मोट तरंगताना दिसायची.

सकाळी तिनं शेखरला सांगितलं, "त्या पोरीजवळ आपल्या रानाचा नकाशा हाय. मदी तळं काडलंय."

शेखरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं ते चुलत्याला, हैबतरावांना सांगितलं. हैबतराव म्हणजे गंगूबाईचे धाकटे दीर. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. दुपारी ते दारात उभे.

"वैनी, ती पोर आरक्षणवाल्यांची हाय. सांजच्याला भावकी घिऊन येतो. कुलूप फोडायचं, कागद जाळायचं, आन् तिचं बोचकं रस्त्यावर."

"अवो भावजी, एकटी पोर हाय ती..."

"मग हितं कशाला आली?"

ते निघून गेले आणि गंगूबाईचं धाबं दणाणलं. कालपर्यंत एका कागदाचं भ्या होतं. आता माणसांचंही झालं. मेधा कामावरून यायची आणि ही माणसं जमायची वेळ एकच. पोरीच्या अंगाला कुणी हात लावला तर? हे सगळं आपल्या तोंडानं झालं, हे तिला कळत होतं आणि त्यानं तिला आणखीनच धडकी भरत होती. मग तिला वाटलं, तो एक कागद आपणच जाळून टाकावा. कागद नाही तर भांडण नाही. पाणीही नाही.

जादा किल्ली तिच्याकडं होतीच. जीव मुठीत धरून ती खोलीत शिरली. नळकांडी उघडून हळदीचा डाग असलेला कागद शोधला आणि पदराखाली झाकून परसात आणला. न्हाणीचा बंब तिनं पेटवूनच ठेवला होता. तिनं कागद बंबाच्या तोंडाशी धरला. मग वाटलं, एकदा बघावं तरी, आपलं रान कसं बुडवणार हायेत ते.

गंगूबाई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायची. गोलगोल झाडं काढलेली होती आणि त्यांच्याजवळ कुणीतरी पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं. ती ओठ हलवत वाचू लागली. जुनी विहीर, ठेवायची. म्हसोबा, वाट वळवून न्यावी. चिंच, हात लावू नये.

ती थबकली. तिच्या रानात म्हसोबा नव्हता. चिंचही नव्हती. म्हणजे हे रान दुसऱ्याच कुणाचं!

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. कसलं काय, तिला हुंदका फुटला. कुणा परक्याचं रान घेतलं होतं, पण घेणाऱ्यांतल्या कुणीतरी पेन्सिल घेऊन तिथं फिरलं होतं आणि चिंच कुठं आहे ते मांडून ठेवलं होतं. तिच्या आईच्या गावातली चिंच कुणी मांडली होती? कागद आला होता, पण तो पाण्याचा होता. त्यात गाव नव्हतं. असता एवढासा तुकडा, तर दोघी बहिणी जन्मभर काठावर उभ्या राहून भांडल्या असत्या का? आणि हा कागद आपण बंबात घालायला निघालो होतो!

तेवढ्यात फाटक वाजलं.

गंगूबाईनं कागद गुंडाळून भाताच्या कणगीत खुपसला, वर दोन पायल्या भात ढकलला आणि रद्दी उचलून बंबात कोंबली. हैबतराव, शेखर आणि आणखी पाचसात जण परसात आले, तेव्हा धूर मावत नव्हता.

"काय जाळतीस, आई?"

"त्योच नकाशा. मीच काडला खोलीतनं."

हैबतरावांनी चिमट्यानं बंबातली राख उकरली. काळे पापुद्रे उडाले. एका पापुद्र्यावर पेपरातल्या फोटोचा अर्धा चेहरा दिसत होता. तो आपल्यालाच दिसतोय की त्यांनाही, हे गंगूबाईला कळेना.

"आन् बाकीची नळकांडी?" हैबतराव म्हणाले.

आता मात्र भीतीनंच तिला तोंड फुटलं. "माज्या भाडेकरणीच्या खोलीला हात लावाल, तर गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची न्हाई मी! बाईमाणसाच्या कपड्यालत्त्यात हात घालताय व्हय? तुमच्याच सुनांना बोलवू का बघायला?"

सुनांचं नाव निघाल्यावर माणसं एकेक करून मागं सरकली. हैबतराव धुसफुसत गेले. गंगूबाई न्हाणीच्या दगडावर बसली ती उठेचना.

मेधा आली. कुलूप उघडं, नळकांडं रिकामं. पोर पांढरीफटक पडली. "आजी, त्याची दुसरी प्रत नाही हो!" तिचा आवाज फाटला. गंगूबाईनं कणगीतून कागद काढला, भाताची फोलकटं झटकली आणि तिच्या हातात दिला. मेधानं तो छातीशी धरला. ही बाग शहरात आहे, माणसं तिथं वर्षानुवर्षं फिरायला जातात, हे तिनं तेव्हा सांगितलं.

"मग आदी सांगायला काय झालं व्हतं, सटवे!" गंगूबाई ओरडली आणि मग दोघी रडल्या.

पुढं त्यांचं रान आरक्षणानं काही घेतलं नाही. शेखरनंच विकलं, दोन हजार आठ साली. बिल्डरचा रंगीत कागद आला आणि शेखरनं तो हौसेनं मेधाच्या जुन्या खोलीत, त्याच फरशीवर पसरला. या वेळी गंगूबाईनं कडी लावली नाही. तिनं मेधाला फोन लावायला सांगितला. मेधा तोवर शहरात राहायला गेली होती.

"आमचं रान काडून दे. मशिनी यायच्या आत."

दोघी दिवसभर रानात हिंडल्या. गंगूबाई बोट दाखवायची, मेधा टेप धरायची आणि काढायची. हितं गोठा. हितं जांभूळ. हितं इहीर. मेधानं "जुनी विहीर" लिहिलं.

"ठेवायची, असं बी लिही."

मेधानं तिच्याकडं पाहिलं आणि लिहिलं. पुढच्या आठवड्यात विहीर बुजवली.

दोन हजार दहा संपत आलं, तेव्हा गंगूबाई त्याच जागेवरच्या इमारतीत आठव्या मजल्यावर राहत होती. खाली हिरवळ, घसरगुंडी आणि कुंपणाला ते एक जांभूळ तेवढं राहिलेलं. एकदा हैबतराव चहाला आले, आणि काका-पुतण्यांची गॅलरीत जुंपली. विहीर कुठं होती? शेखर म्हणे फाटकाशी, हैबतराव म्हणत कोपऱ्यात. शेवटी शेखर म्हणाला, "आईलाच इचारा."

गंगूबाई आली, वाकली आणि झटक्यात म्हणाली, "त्या घसरगुंडीखाली." दोघांनाही पटलं. बाईनं तिथलं पाणी जन्मभर शेंदलं होतं, तिला कोण खोटं पाडणार?

पाहुणा गेल्यावर तिनं ट्रंकेतून मेधाचा कागद काढला आणि गॅलरीत उभं राहून जांभळावरून हिशेब लावला. विहीर घसरगुंडीखाली नव्हती. जांभळाच्या अलीकडं, गाड्या तळघरात उतरतात तिथं होती. तिनं पुन्हा पाहिलं. कागद तेच सांगत होता.

इन मीन दोन वर्षं झाली होती. आईला तर साठ वर्षं काढायची होती. कागद वाऱ्यानं फडफडू लागला, तसा गंगूबाईनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि शेखरला हाक मारून मेधाचा फोन लावायला सांगितला.

"पोरी, त्या कागदाची आजून एक प्रत काड," ती म्हणाली. "आन् ती हितं नको. तुज्या त्या नळकांड्यात ठेव."