झोप : आठ तास

आमच्या औषधाच्या कारखान्यात तिला सगळे भिंग म्हणत. दिव्यासमोर बाटली धरायची आणि आत केस, कण किंवा काचेला तडा दिसला की ती बाजूला काढायची, हे आम्हा तिघांचं काम. ती, मामा आणि मी. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. नवरा अंथरुणाला खिळला, रात्रभर त्याची उठबस तिच्यावर आली, तेव्हापासून मात्र सुटू लागलं. दोन चुका नोंदल्या गेल्या. तिसरी झाली की खोकी भरायला धाडत, तेही रोजंदारीवर.

त्याच सुमारास कारखान्याच्या समुपदेशक बाईंकडून ताणतणावाचे फॉर्म आले. नाव लिहायचं नव्हतं.

"नाव नको म्हणे! मग आपल्या तिघांचेच फॉर्म निळे का?" ती म्हणाली.

"निळ्याने डोकं शांत राहतं," मामा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, थकलेली माणसं हुडकायचा डाव आहे हा. तिघांनी सारखंच लिहायचं."

मला ते पटलं की विरोधाचा धीर झाला नाही, कोण जाणे. ताण : नाही. झोप : आठ तास.

पंधरा दिवसांनी साहेब हसत आले. सगळ्या कारखान्यात तुम्हीच निवांत, म्हणाले, आणि मामाला दुसऱ्या विभागात हलवलं. तिघांच्या बाटल्या दोघांवर आल्या.

आठवडाभरात तिच्या हातून एक तडकलेली बाटली पुढे गेली. नशिबाने मी ती मध्येच उचलली. ती पांढरीफटक पडली. तशीच उठून समुपदेशक बाईंच्या खोलीत गेली. मलाही साक्षीला ओढलं.

आत आधी तिने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. ते पेन खाली ठेवा, मग बोलते."

मग सगळं सांगितलं. तीन तासांची झोप, डोळ्यांपुढची अंधारी, खोटे फॉर्म.

"सकाळी घरी कोण असतं?"

"मुलगी."

"मग तेव्हा झोपा. रोज दुपारचीच पाळी, तासाला दहा मिनिटं डोळ्यांना विश्रांती आणि मामा परत. साहेबांशी मी बोलते."

"बोलू नका, लिहून द्या. एक प्रत मला."

सगळं मिळालं. तीन महिन्यांत तिची एकही चूक झाली नाही. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. आता तरी हिचा संशय फिटेल असं वाटून मी म्हणालो, "जिंकलीस की ग!"

"हळू बोला काका. चुकत नाही हे कळलं की विश्रांती काढून घेतील."

आणि दिवा बंद करून तिने डोळे मिटले.