आबांची बुटकी चौकट

आमचे शेजारी आबा कुठल्याही दारातून जाताना मान खाली घालून वाकायचे. ओतूरच्या बँकेचं ते उंचच्या उंच काचेचं दार, तिथंसुद्धा! वॉचमन तोंड फिरवून हसायचा. "अहो आबा, हात वर केलात तरी लागायचं नाही," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "डोक्याला म्हाईत हाय गं, पर मानंला कोन सांगनार?"

मानेची ही सवय जुन्या गावातली. ते गाव धरणात गेलं आणि आम्ही सगळे इकडे नव्या गावठाणात आलो. घरं मोडताना लोकांनी दारं, खांब येईल त्या भावाला देऊन टाकले. आबांनी मात्र पुढच्या दाराची बुटकी सागवानी चौकट उंबऱ्यासकट उपसून टेम्पोत घातली. वाळवी लागू नये म्हणून तिला हिरवा ऑइलपेंट फासला आणि नव्या घरामागं गोठ्यात, कडब्याखाली ठेवून दिली. तेव्हापासून गाव त्यांना चौकटआबा म्हणू लागलं.

खरं दुखणं जिजींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं होतं. जिजी कामाला वाघ, पण नव्या घराच्या उंबऱ्याला त्यांनी कधी हळदीचं बोट लावलं नाही. दिवाळीलासुद्धा नाही. कुणी विचारलं की एकच उत्तर, "इथं ना कुनी जलमलं, ना कुनी मेलं. ह्याला घर म्हनायचं व्हय? ही नुसती बसायउठायची जागा." सासू, सासरे आणि दोन दिवसांचं पहिलं लेकरू, सगळे त्या जुन्या दारातूनच गेले होते. जिजी असं बोलल्या की आबा जेवता जेवता थांबायचे.

मग जिजी आजारी पडल्या. खाणं सुटलं, आणि "मला माज्या घरी न्या" एवढाच धोशा. आबांनी कडबा बाजूला सारला आणि चौकट बाहेर काढली. फुटक्या काचेनं तो हिरवा रंग खरवडत बसायचे. खाली सागाचा तांबूस रंग दिसला की मला हाक मारायचे, "ये गं, बघ, वळखतीस का?" वरून जवसाचं तेल. भिंतही तशीच हवी, म्हणून चुना भिजवला, गूळ नि बेलफळाचा गर घालून बडव बडव बडवला. त्यांचा मुलगा म्हणाला, "आबा, पुट्टी मारू, दोन दिवसांत होईल." आबा म्हणाले, "तुजी आई पुट्टीला भुलंल व्हय रं?"

पहिला गिलावा सगळा ढासळला. गुळगुळीत सिमेंटवर चुना धरेना. मग म्हातारा छिन्नी घेऊन भिंतभर टाचे मारत, खळगे पाडत सुटला. "आबा, भिंतीला देवी आल्या का हो?" मी चिडवलं. आबा मनापासून हसले. दुसऱ्यांदा मात्र गिलावा बसला.

चौकट नव्या घराच्या पुढच्या दाराला बसली त्या दिवशी आबांनी जिजींना हाताला धरून दारात आणलं. हळदीची वाटी तयार होती. जिजींनी लाकडावरून हात फिरवला. जुन्या कडीनं पडलेला खड्डा बोटाला लागला. "तीच हाय," त्या म्हणाल्या. आबांचा चेहरा काय फुलला! पण जिजी तशाच मागं वळल्या. "चौकट तीच हाय. घर न्हाई."

मला जिजींचा असा संताप आला! एवढा जीव ओतला माणसानं, एक गोड शब्द बोलायला काय जात होतं? आबांनीच मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे गं. खोटं बोलली न्हाई ती. जलमात कदी बोलली न्हाई."

श्रावणात एका दुपारी आबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आजारी जिजी मागं राहिल्या आणि धडधाकट माणूस गेला. त्यांना उचलून बाहेर आणताना त्या चौकटीपाशी चौघांनाही वाकावं लागलं. मला रडू आवरलं नाही.

तेराव्याला सकाळी जिजी भिंत धरून उठल्या, हळदीकुंकवाची वाटी घेतली आणि उंबऱ्यापाशी बसल्या. उंबऱ्याला बोट लावताना हळद निम्मी खालीच सांडत होती. "आता हिनं कशाला हळदकुंकू?" मागून कुणीतरी बाई पुटपुटली. जिजींनी मानही वर केली नाही.

"माजं मानूस ह्या दारातनं गेलं. आता हे घर झालं."

आबा, एवढं ऐकायला तरी थांबायचं होतंत हो.