विहिरीचं रीळ

"बापू, सरांच्या भाषणात अर्धा तास गेला. आता एक रीळ उडव," नाना केबिनच्या दारातूनच म्हणाले.

नाना म्हणजे आमच्या टॉकीजचे मालक. मी ऑपरेटर, म्हणजे वरच्या केबिनमधून मशीन चालवणारा. गाव धुळे, साल शहाऐंशी-सत्त्याऐंशी. रविवारची सकाळ होती. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एका सरांनी फिल्म क्लब काढला होता, त्याचा पहिलाच शो चालू होता. हॉल मिळावा म्हणून त्यांनी दोन वर्षं नानांच्या मागे लकडा लावला होता. शेवटी नानांनी होकार दिला, पण एका अटीवर. "बाराच्या खेळाला एक मिनिट जरी उशीर झाला, तर पुन्हा दारात यायचं नाही." बाराला आमचा नेहमीचा मारामारीचा पिक्चर होता. बाहेर लाइन लागलीच होती.

पिक्चर डब्यांतून येतो. एका डब्यात एक रीळ, साधारण दहा मिनिटांचं. मशिनं दोन. एकावर रीळ संपत आलं की दुसऱ्यावर पुढचं सुरू करायचं. पब्लिकला सांधा कळता कामा नये, तेवढीच आमची कला. सरांच्या पिक्चरची बारा रिळं होती. आदल्या दिवशी जळगावच्या क्लबात तो लागला, सरांनी तिथे पाहिला आणि एसटीने डबे मांडीवर घेऊन आले.

खरं सांगतो, मला तो पिक्चर अजिबात आवडला नव्हता. दुष्काळी गाव, एक बाई, एक हंडा. गाणं नाही, शिट्टी नाही. मारामारीच्या पिक्चरला शिट्ट्यांवरून मला कळायचं की कुठवर आलंय. इथे खाली पन्नास माणसं अशी गप्प, की मला जांभया आवरेनात.

"कोणतं उडवू?" मी विचारलं.

"ज्यात काही घडत नाही ते."

"नाना, तसं म्हटलं तर बाराही उडवावी लागतील."

नाना हसले नाहीत. मी आठवं रीळ काढलं. डबे आले तेव्हा त्याची सुरुवात उजेडात धरून पाहिली होती. बाई विहिरीत दोर सोडतेय, सोडतेय, सोडतेच आहे. उडवायला यापेक्षा चांगलं रीळ मिळणार नव्हतं. सातव्यानंतर थेट नववं लावलं. सांधा इतका बेमालूम बसला की मीच माझ्यावर खूश झालो.

पिक्चर वेळेत संपला. सर पडद्यासमोर चर्चेला उभे राहिले. पहिल्या रांगेतले एक डॉक्टर म्हणाले, "बाई विहिरीकडे निघते आणि पुढच्या क्षणी रिकामा हंडा घेऊन घरात बसलेली! मधलं सगळं दिग्दर्शकाने आपल्यावर सोपवलंय. काय धाडस आहे!" पाच-सहा माना डोलल्या.

सरांनी वर केबिनच्या खिडकीकडे पाहिलं. त्यांनी कालच अख्खा पिक्चर पाहिला होता. त्यांना कळलं होतं. पण बोलले असते तर नाना चिडले असते आणि हॉल गेला असता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला. नानांच्या आई, अक्का. दोंडाईच्याकडच्या, बोलणं अहिराणी. दर रविवारी जो पिक्चर असेल तो पाहायच्या.

"माले कोनी सांगा. बाई हंडा लिसन विहिरवर गई. मंग एकदम घरमा बठेल शे, हंडा रिकामा. मझार काय व्हयनं?"

"अक्का, मधे काय झालं ते आपण समजून घ्यायचं असतं," डॉक्टर म्हणाले.

"काय समजानं? तीस वरीस मी विहिरनं पानी वढेल शे. पानी नही निंघनं तरी दोर तं वर येस!"

अक्का केबिनकडे वळल्या. "बापू, तुले माहीत शे?"

मी केबिनच्या दारात उभ्या असलेल्या नानांकडे पाहिलं. नाना भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहू लागले.

"अक्का, एक रीळ लावायचं राहिलं."

"कोठे शे?"

"डब्यात."

"मंग लाव ना!"

"अक्का, बारा वाजताहेत, बाहेर पब्लिक..." नाना म्हणाले.

"पब्लिकले बी बठाड!"

धुळ्यात नानांना कोणी आवाज चढवून बोलत नसे. अक्कांचा अपवाद. दारं उघडली, मारामारीचं पब्लिक खुर्च्यांवर तुटून पडलं आणि मी आठवं रीळ लावलं.

"ओ बापू, पिक्चर बदल!" खालून ओरडा सुरू झाला. दोर उतरत होता. मग कोणी तरी म्हणालं, "अजून खोल शे रे!" बादली वर आली. नुसता गाळ. "अरेरे!" दुसऱ्यांदाही गाळ. ओरडा थांबला. तिसऱ्यांदा पुढच्या रांगेतलं पोरगं उभं राहून सांगत होतं, "धीरे धीरे वढ, माय!" बादलीच्या तळाला चार ओंजळी पाणी आलं. बाईने हंडा पुढे ओढला. तेवढ्यात कठड्यापाशी बांधलेल्या वासराने मान वर केली. बाई थांबली. आणि बादली तिने वासरापुढे ठेवली.

अशा शिट्ट्या आमच्या हिरोला चार दिवसांत मिळाल्या नव्हत्या. रिळाचं टोक पाहून मी त्याची किंमत ठरवली होती, याची मला मात्र लाज वाटली.

दहा मिनिटं उशिराने हिरो मोटारसायकलवरून आला, तर खालून आरोळी आली, "आधी त्या बाईचं पुढे काय झालं ते दाखव!"

दर महिन्याचा पहिला रविवार सरांना मिळाला. नानांनी दोन अटी घातल्या. भाषण पाच मिनिटं, आणि अक्कांना आधी कळवायचं.

पुढे मी बरीच वर्षं ऑपरेटर होतो. काही घडत नाही म्हणून एकही रीळ डब्यात ठेवलं नाही. वेळ कमी पडला तेव्हा मारामारीची दोन-तीन उडवली. ती कुठे गेली म्हणून अजून कोणी विचारलेलं नाही.