सोमवारची सेकंड शिफ्ट

आम्रपालीला पगार चुका काढायचा मिळतो, हे ऐकून तिची आई कस्तुराबाई पोट धरून हसली होती. "मग तुझ्या आत्यालाच लाव की तिथं!"

खरं तर हे काम आईनंच शिकवलेलं. कस्तुराबाई चाकणच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला, सुटायला रात्रीचे साडेबारा. एकदा गेटवरचा वॉचमन "येईल, येईल" म्हणत राहिला, घरी सोडणारी कंपनीची गाडी आलीच नाही. बिचारी पहाटेपर्यंत गेटवर बसून. तेव्हापासून तिचं एकच, "गेटवरच्याला विचारू नये, आत विचारावं."

हिंजवडीच्या आयटी कंपनीत आम्रपाली तेच करायची. ॲपचा स्क्रीन म्हणजे गेटवरचा वॉचमन, गोड बोलणारच. ती त्याला बाजूला सारून थेट आतल्या सर्व्हरला प्रश्न पाठवायची आणि तो काय उत्तर देतो ते बघायची. याला एपीआय टेस्टिंग म्हणतात. नाव मोठं, खोड आईचीच.

त्या शुक्रवारी कारखान्यांच्या बसचं ॲप तपासायचं होतं. सोमवारपासून आईच्या कारखान्यातही तेच सुरू होणार होतं. टीम लीड निरंजन घाईत. "स्क्रीनवर हिरवी टिक येतेय ना? झालं तर मग! सोड आता."

आम्रपालीनं तरी सर्व्हरला विचारलं. सोमवार, सेकंड शिफ्ट, परतीची गाडी? उत्तर आलं, सीट पक्की, सोमवार, रात्री साडेबारा.

बरोबर वाटलं. मग तिनं वार आणि वेळ पुन्हा वाचली. अगं बाई! सोमवारची सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मंगळवार लागलेला असतो. सगळं चाकण त्याला सोमवारची रात्रच म्हणतं, प्रोग्राम लिहिणाऱ्यानंही तसंच धरलं. पण तारखेनं सोमवारची साडेबाराची गाडी म्हणजे रविवारच्या रात्रीची, आई कामावर जायच्या आधीच निघून गेलेली!

"निरंजन, माझी आई उभी राहील रे त्या गेटवर," म्हणत तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

निरंजननं तारीख पाहिली आणि कपाळाला हात लावला. दुरुस्ती झाली. आम्रपालीनं एकेक शिफ्ट पुन्हा विचारली, तेव्हा कुठं सोमवारच्या सेकंड शिफ्टला सर्व्हर मंगळवार म्हणाला.

मंगळवारी सकाळी आई चहा गाळत होती. "गाडी वेळेवर होती बरं का. टिक बघितली न् सरळ जाऊन बसले."

"आणि आत विचारलं नाहीस?"

"आत तू बसलेली असताना," कस्तुराबाईनं कप पुढं केला, "मी कशाला कुणाला विचारू?"